गंगाक्काची खुर्ची

"बायमानूस खुर्चीवर बसनार, अन् मी तिच्यासमोर खाली पाटावर? तू सुतार हायस का कोन हायस रं?"

धोंडूतात्या लोधिवलीच्या त्या घराच्या दारात उभे राहून ओरडत होते आणि मी आत स्वयंपाकघरात गुडघे टेकून जमीन मोजत होतो. तात्यांच्या आवाजाबद्दल सांगायचं तर ते लोधिवलीत नुसते खाकरले की चौकच्या बाजारात म्हशी माना वळवायच्या. त्यातल्या एका म्हशीला मी स्वतः विचारून खात्री केलेली आहे. पण मीही कर्जतच्या रेल्वे यार्डातला सुतार. घाट चढवायला गाडीला मागून ढकलणारी इंजिनं असतात, त्यांना आम्ही बँकर म्हणतो. ते बँकर दिवसभर माझ्या कानाशी शिट्ट्या मारत. तात्यांच्या ओरडण्याने माझ्या हातातली फूटपट्टी हललीसुद्धा नाही.

गोष्ट लढाईच्या वर्षांतली. आमच्या रेल्वेतला म्हादू ठाकुरवाडीला सांधेवाला होता. सांधेवाला म्हणजे गाडी कोणत्या रुळावर जायची ते खटका ओढून ठरवणारा. त्याची आई गंगाक्का. भातलावणीच्या दिवसांत डोक्यावर आव्याचा, म्हणजे उपटलेल्या भातरोपांचा, भारा घेऊन ती बांधावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या काळी खुबा मोडला की माणसाला खाटेवर टाकायचं आणि पाहुण्यांना निरोप धाडायचे, एवढंच औषध होतं. म्हादूने ते केलं नाही. आईला उचलून थेट मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सर्जनने मोडलेल्या हाडात पोलादी खिळा ठोकून ते जोडलं. हे ऐकलं तेव्हा माझी छाती चार इंच फुगली. एवढं शिकलेला माणूस, पण शेवटी त्याला खिळाच लागला.

दसरा झाल्यावर कर्जतच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बोलावणं धाडलं. टेबलावर मुंबईची चिठ्ठी होती.

"मिस्त्री, म्हातारी पंधरा दिवसांनी घरी येतेय. अजून तीन महिने त्या पायावर भार द्यायचा नाही. कुबड्या घेऊन चालायचं. खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, पाटावरसुद्धा नाही."

"मग बसायचं कशावर?"

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. बसल्यावर ढुंगण गुडघ्यापेक्षा उंच हवं आणि दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकलेले हवेत. खुर्ची सरकता कामा नये. उठताना रेटा द्यायला हात हवेत. माणूस एकदा का विसरून उकिडवा बसला, की आतला खिळा निसटायची भीती. मग मुंबईचा सर्जनही काही करू शकणार नाही.

"आणि घर तयार नसलं तर?" मी विचारलं.

"मग तिच्या थोरल्या दिराकडे पडवीत खाट टाकायची. त्यांची तयारी आहे."

इथे अडचण होती. हा थोरला दीर म्हणजेच धोंडूतात्या. गंगाक्का तरणी असताना विधवा झाली, तेव्हाही तात्यांनी तिला आपल्या घरात यायला सांगितलं होतं. तिने नाही म्हटलं आणि स्वतःची चूल वेगळी ठेवली. त्याच चुलीवर भाकऱ्या थापून तिने म्हादूला वाढवला, रेल्वेत लावला, सून आणली. तात्या माणूस वाईट नव्हते. दोन वेळ खाऊ घातलं असतं, कमी केलं नसतं. पण त्यांच्या पडवीतल्या खाटेवर ती एकदा गेली की ही चूल विझली, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मुंबईहून म्हादूने तिचा निरोप आणला होता तो एवढाच: "माजी चूल इजवू नका."

मी डॉक्टरांना सांगितलं, "घर तयार होईल. असं होईल की गव्हर्नर पाय मोडून घेऊन राहायला येईल."

लाकडाचा प्रश्न होता. लढाईमुळे सागवान सोन्यासारखं झालेलं. मी फोरमनसाहेबांकडे गेलो. साहेब मराठी बोलायचे, पण क्रियापद आपल्या मर्जीने लावायचे.

"साहेब, यार्डात ती कंडम ब्रेकव्हॅन उभी आहे. गार्डाच्या बसण्याचं सागवान पाहिजे."

"तू गार्ड कधी झाला?"

मी सगळी हकिगत सांगितली. साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझा मदरचा पण असाच झाला. ती बेडवरच राहिली." कागद ओढून त्यांनी मोडीतलं लाकूड देण्याची परवानगी लिहिली. "रविवारी काम कर. आणि खुर्ची मला दाखव. खराब असेल तर तुझा पगार मी कंडम करतो."

आता माप. मी सायकल मारत लोधिवलीला गेलो आणि तात्या दारात ओरडायला लागले, ती ही वेळ. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडे थोरला दीर घरात आला की भावजय उभी राहते, नाहीतर आडोशाला जाते. ती वर आणि दीर खाली, असं कुणी पाहिलेलं नव्हतं. मला धास्ती वेगळीच होती. तात्या आत आले की गंगाक्का सवयीने खुर्चीवरून घसरून खाली बसेल आणि खिळा निसटेल.

मी उठलो, हात झटकले.

"तात्या, तुम्हाला पाटावर कोण बसवतंय? तुमच्यासाठी वेगळी खुर्ची करतोय. हिच्यापेक्षा एक इंच उंच."

तात्यांचा आवाज एकदम उतरला. चौकच्या म्हशी पुन्हा चरायला लागल्या असतील.

"एक इंच म्हंजे किती?"

मी बोटाचं पेर दाखवलं.

"बरं," तात्या म्हणाले. "पन हात गोल कर माज्या खुर्चीचे. मामलेदाराच्या कचेरीत हायेत तसे."

दिराचा प्रश्न मिटला. मग मी सुनेला, सुंद्राला, विचारलं, "सासूबाई केवढ्या आहेत गं उंचीला?" गंगाक्काला मी कधी पाहिलेलं नव्हतं.

सुंद्राने आपल्या डोक्याच्या वीतभर वर हात धरला. "एवढ्या. माज्यापेक्षा थोराड हायेत त्या."

मी तात्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला काय इचारतोस? मी भावजयीकडं बगतो का कवा?"

मग ठाकुरवाडीला जाऊन म्हादूला विचारलं. तो कंदील पुसत होता. म्हणाला, "आई मोठीच हाय की, मिस्त्री. मला खांद्यावर बसवून चौकच्या बाजाराला न्यायची."

दोन साक्षी जुळल्या, आणखी काय पाहिजे? मी सुंद्राच्या गुडघ्याची उंची घेतली, वीतभर थोराड बाईच्या हिशेबाने तिच्यात भर घातली, डॉक्टरांनी सांगितलेला गुडघ्यावरचा उंचवटा जोडला. बैठक तेवीस इंच. मुंबईला चिठ्ठी लिहून खरं माप मागवता आलं असतं. पण आगगाडीच्या डब्यांच्या दारांना नुसत्या डोळ्याने माप लावणारा मी, एका म्हातारीच्या तंगडीसाठी चिठ्ठ्या लिहीत बसणार होतो होय?

दोन रविवार मी त्या खुर्च्यांवर काढले. आता थोडी बढाई मारतो, कारण इथे ती खरी आहे. माझ्या रंध्यातून निघणारी साल इतकी पातळ असायची की तिच्यातून वर्तमानपत्र वाचता यायचं. सांधे सगळे कुसवाचे. म्हणजे एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला तिच्याच मापाचं भोक पाडायचं आणि ठोकून बसवायची. खिळा एकही नाही, खिळे मुंबईच्या सर्जनने वापरावेत. पाय फाकू नयेत म्हणून खाली, जमिनीपासून तीन इंचांवर, चारही बाजूंनी आडव्या पट्ट्या. तिसरी एक बिनापाठीची बैठक केली, मध्ये भोक आणि खाली बादली. ती कशासाठी ते सांगायला नको. तिचं माप मी स्वतःवर घेतलं होतं, म्हणून तिच्याबद्दल पुढे काही सांगण्यासारखं घडलं नाही. मी चणीने लहान आहे, हे इथे एकदाच सांगून टाकतो.

घरही तयार केलं. उंबरा चांगला वीतभर उंच होता. तो काढायला तात्यांनी साफ नकार दिला, म्हणून दोन्ही बाजूंनी उतरती फळी लावली. चुलीपर्यंतच्या वाटेत भिंतीला कंबरेएवढा दांडा बसवला. सुंद्राने दगडमातीचा ओटा रचून चूल त्याच्यावर चढवली, खुर्चीत बसून भाकरी भाजता येईल अशी. गावातल्या बायका मुद्दाम बघून जायच्या. एक म्हणाली, "आता देवाला दिवा कुटं लावनार गं, आड्यावर?" सुंद्राने ओटा आणखी दोन हात मारून गुळगुळीत केला.

फोरमनसाहेबांनी खुर्ची पाहिली. उलटी केली, सुलटी केली, वर बसून मागेपुढे हलले. खुर्ची बोलली नाही. साहेबांनी बैठकीवर एकदा हात फिरवला आणि आपल्या केबिनमध्ये गेले. बैलगाडीतून खुर्च्या लोधिवलीला गेल्या. गाडी वाटेत चार ठिकाणी लोकांनी थांबवली. एकाने विचारलं, कोणत्या संस्थानिकाकडे चालल्यात?

गंगाक्का यायच्या दिवशी अर्धं गाव अंगणात जमलं होतं, म्हादूला मात्र ड्यूटीतून सुट्टी मिळाली नव्हती. दुपार कलताना डॉक्टरांची मोटार आली. पुढचं दार उघडलं आणि आधी कुबड्या बाहेर आल्या.

त्या कुबड्या पाहिल्या आणि माझा हात खिशातल्या फूटपट्टीकडे गेला. शाळेतल्या पोरीच्या असाव्यात एवढ्या त्या आखूड होत्या. दवाखान्यातल्यांनी बाईला उभं करून, मापून दिल्या असणार. पाठोपाठ गंगाक्का उतरली. सुंद्राने फळीवर मिरच्या-मीठ ओवाळायला हात वर केला, तर हात सासूच्या डोक्याच्या वरून हवेतच फिरला.

बाई सुनेच्या खांद्याला लागत होती.

मी सुंद्राकडे पाहिलं. तिचे डोळे विस्फारले होते. सात वर्षं ती सासूसमोर मान खाली घालून, कंबरेत वाकून उभी राहिली होती. खालून वर बघताना सासू तिला घराएवढी दिसायची. तीन महिन्यांनी आज पहिल्यांदा, ओवाळताना, दोघी समोरासमोर सरळ उभ्या होत्या. लेकाच्या डोळ्यांपुढची आई त्याच्या पाच वर्षांच्या वयातली. दिराने तीस वर्षं नुसता पदर पाहिलेला. त्या बाईच्या हातचं खाऊन सगळे वाढले, पण ती केवढी आहे हे घरात एकाला ठाऊक नव्हतं. आणि मी शहाणा त्यांच्याकडे माप मागत होतो.

गंगाक्का कुबड्या टेकत, दांड्याला धरत चुलीपाशी गेली. डॉक्टर एका बाजूने, सुंद्रा दुसऱ्या बाजूने. दोघांनी धरून तिला खुर्चीत बसवलं. पाय लोंबायला लागले. जमीन आणि टाच यांच्यामध्ये एक मांजर आरामात गेलं असतं. पाच इंच.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "मिस्त्री, हे चालणार नाही. पाय टेकले नाहीत तर ही उठताना पुढे उडी मारणार. सगळा भार मोडक्या पायावर."

"पायाखाली पाट द्यू," सुंद्रा म्हणाली.

"पाट सरकला की संपलं."

तात्यांनी संधी सोडली नाही. "मी आदीच म्हनलो हुतो. माज्या पडवीत खाट टाकल्याली हाय. चला, उचला तिला."

ते बोलत बोलत आत आले आणि मला ज्याची धास्ती होती तेच झालं. थोरल्या दिराचा आवाज जवळ येताच गंगाक्काचा हात पदराकडे गेला आणि अंग खुर्चीवरून खाली सरकायला लागलं.

"बसू नका!" डॉक्टर गरजले. सुंद्राने सासूला दोन्ही हातांनी कवटाळून धरलं. मी तात्यांना मागे ढकललं नाही, एवढं धाडस माझ्यात नव्हतं. मी त्यांची खुर्ची त्यांच्या मागे नेऊन लावली.

"तात्या, आधी तुम्ही बसा. तुमची उंच आहे."

तात्या बसले. मामलेदाराच्या कचेरीसारख्या हातांवर हात ठेवले. त्यांचेही पाय लोंबत होते. पण दीर वर बसला आणि भावजय एक इंच खाली राहिली. गंगाक्काचं अंग सैल पडलं. ती भिंतीकडे तोंड करून, थोरल्या दिराशी बोलतात तशी, सुनेला म्हणाली, "भावजींना सांग, मी कुटं जायाची नाय. चूल पेटव."

"मिस्त्री," डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, "पेट्रोल मला मोजून मिळतं आणि अंधार पडायच्या आत परत जायचंय. अर्ध्या तासात पाय टेकले तर ठीक. नाहीतर ही पडवीत जाईल."

कुणीही म्हणेल, पाय काप. करवत माझ्या पिशवीत होती. पण पाच इंच कापले की तीन इंचांवरच्या आडव्या पट्ट्याही जाणार. पट्ट्या गेल्या की पाय फाकणार. शिवाय चार पाय घाईत सारखे कापणं सोपं नसतं. एक आखूड झाला म्हणून दुसरा कापायचा, मग तिसरा. असं करता करता खुर्चीचा पाट केलेला एक सुतार मला ठाऊक आहे. त्याचं नाव सांगत नाही, तो माझा मामा होता.

मी खाली पाहिलं. जमीन मातीची, सारवलेली. आणि मला आमचा स्लीपर आठवला. रुळाखाली आडवा टाकतात तो लाकडी ओंडका. त्याच्यावरून अख्खी मेल धडधडत जाते, पण तो बोटभर सरकत नाही, कारण तो खडीत पुरलेला असतो.

"पहार आणा," मी म्हणालो. "खुर्ची कापायची नाही. पुरायची."

"घरात खड्डा?" तात्या ओरडले.

"तात्या, तुमची खुर्ची आता हिच्यापेक्षा पुरी सहा इंच उंच होणार."

तात्यांनी मनाशी विचार केला. "खंद," ते म्हणाले.

गंगाक्काला सुंद्राने कुबड्यांवर तोलून धरलं. माप या वेळी मी स्वतः घेतलं, तिच्या गुडघ्यापाशी बसून, फूटपट्टी लावून. "बगा नीट," ती वरून म्हणाली, "का परत पोराला इचारून येता?" मी चौकोनी चर खणला, बरोबर पाच इंच. बैलगाडीच्या वंगणाचं डबडं मागवून लाकडाला वाळवीसाठी चोपडलं. पाय खाली सोडले, आडव्या पट्ट्या मातीत गेल्या. वरून वाटेवरची खडी आणि मुरूम टाकून पहारीने ठोकलं. त्या ठोक्यांनी लोधिवलीपासून खालापूरपर्यंत भांडी वाजली म्हणतात. तिकडे सुंद्राची चुलत जाऊ, म्हणजे तात्यांची सून, खुरप्याने चुलीचा ओटा खरवडत होती. माती अजून ओली होती, मी खणत होतो तोवर तिने चूल खाली आणली.

डॉक्टरांनी खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून हिसडा दिला. पाय लावून हिसडा दिला. घर हललं असतं, खुर्ची नाही. मग गंगाक्का बसली. तळवे टेकले, दोन्ही, सपाट. हातांवर रेटा देऊन ती उठली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. डॉक्टरांनी तिला तिसऱ्यांदा उठायला सांगितलं नव्हतं, तरी ती उठली.

मग बसून तिने पीठ मागितलं. पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा अंगणातली माणसं दारात दाटली. ती भाकरी तिने सुनेच्या हाती तात्यांकडे पाठवली. तात्यांनी ती उंच खुर्चीवर बसून, पाय लोंबवत खाल्ली. डॉक्टर मोटारीकडे गेले. मी मागे धावलो.

"राहील ना इथेच?"

"राहील," ते म्हणाले. "उठवणार कोण तिला आता?"

त्या रात्री मी सायकलवरून कर्जतला परतलो तो गातच. पुढे कित्येक वर्षं यार्डात काही बिघडलं की फोरमनसाहेब म्हणायचे, "मिस्त्री, त्याला पण पुरून टाक." मी डब्यांना दारं बसवली, गार्डांच्या पेट्या केल्या, एकदा लाटसाहेबाच्या सलूनची, म्हणजे त्याच्या खास डब्याची, जाळीसुद्धा बदलली. पण कुणी विचारलं, तुझं चांगलं काम कोणतं, तर मी पाच इंच जमिनीखाली असलेल्या चार पायांचं नाव सांगतो. एक शहाणपण मात्र तेव्हापासून बाळगलं. माणसाचं माप त्याच्या घरच्यांकडून घेऊ नये.

शिमग्यानंतर मी मुद्दाम लोधिवलीला गेलो. कौतुक ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू. गंगाक्का विहिरीवरून हातात काठी आणि काखेत कळशी घेऊन येत होती. कुबड्या कधीच सुटल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, चाल थोडी लंगडी, पण माझ्यापेक्षा जोरात.

"काय आक्का," मी विचारलं, "खुर्ची कशी आहे?"

"भावजी बसत्यात तिच्यावर," ती कळशी खाली ठेवत म्हणाली. "त्यांच्या खुर्चीवर पायाला मुंग्या येत व्हत्या."